परमुलखाचा शेजार

परक्या देशात माणूस किती दिवस राहिला हे मोजणं सोपं आहे, आणि कॅनडात तर ते फारच काटेकोरपणे मोजलं जातं. पीआर, म्हणजे कायम वास्तव्याचा दर्जा, टिकवायचा तर पाच वर्षांत ७३० दिवस देशात असावं लागतं. नागरिकत्वाचा अर्ज करायचा तर पाच वर्षांतले १,०९५ दिवस भरावे लागतात. ऑन्टारियोचं आरोग्यकार्ड चालू ठेवायला कुठल्याही बारा महिन्यांत १५३ दिवस प्रांतात हजेरी हवी. टोरांटोजवळच्या मिसिसागा, ब्रॅम्प्टन, मिल्टनमधल्या घरांत जेवणं उरकल्यावर नवराबायको पासपोर्टातले शिक्के बघत तारखा जुळवत बसतात. सासूबाईंच्या आजारपणात पुण्याला गेलो ते दिवस किती, मध्ये न्यू जर्सीला लग्नाला गेलो ते कसे धरायचे, विमान मध्यरात्रीनंतर उतरलं तर तो दिवस आपला की नाही.

हा हिशेब आवश्यक आहे, त्याला नावं ठेवण्यात अर्थ नाही. पण ते दिवस भरल्यावर तो माणूस त्या देशात राहिला असं म्हणता येईल का, हा प्रश्न उरतोच. मराठी माणसांचे या पुस्तकातले लेख त्या प्रश्नाभोवती फिरतात. लिहिणाऱ्यांत सहलीला आलेले आहेत, शिकायला आलेले आहेत, लेकाकडे-लेकीकडे मुक्कामाला आलेले आहेत, आणि एकदा आले ते इथलेच झालेलेही आहेत. अशा लेखनाकडे बघण्याची आपली एक ठरलेली रीत असते. प्रवासी वरवरचं बघतो, रहिवासी आतलं जाणतो. म्हणून प्रवाशाचं कौतुकाने ऐकायचं आणि रहिवाशाचं खरं मानायचं. हे लेख वाचल्यावर ती रीत सोडून द्यावी असं मला वाटतं. तीस वर्षं राहून ज्याच्या अंगाला हा देश अळवावरच्या पाण्याइतकाही लागलेला नाही, असा माणूस यात आहे. आणि एका हिवाळ्यापुरतं येऊन अख्ख्या रस्त्याची सुखदुःखं माहीत करून घेतलेली बाईही आहे. ज्या जागी आपण अन्नपाणी घेतो, त्या जागेचं आपण काही देणं लागतो असं मनापासून वाटतं की नाही, तिथे माणसामाणसांत फरक पडतो. मुक्काम लांब की आखूड, यावर ते अवलंबून नाही.

मी राहते त्याच रस्त्यावर सांगलीकडच्या एक आजी मुलाकडे येऊन राहिल्या होत्या. सुपर व्हिसावर. हा व्हिसा २०११ च्या अखेरीस सुरू झाला. आधी एका खेपेला दोन वर्षं राहता यायचं, २०२२ पासून पाच वर्षं राहता येतं. त्यासाठी मुलाचं उत्पन्न ठरावीक पातळीच्या वर असावं लागतं आणि आईवडिलांचा निदान एक लाख डॉलरचा आरोग्यविमा काढावा लागतो. कागदोपत्री आजी पाहुण्याच होत्या. इंग्रजी चार शब्दांचं. पण रोज सकाळी नातीला बाबागाडीत घालून त्या निघायच्या, आणि कचरा उचलायच्या दिवशी कोणाचा रिसायकलिंगचा निळा डबा बाहेर आला आणि कोणाचा नाही हे त्यांच्या ध्यानात राहायचं. कोपऱ्यावरच्या म्हाताऱ्याचा डबा ओळीने दोन खेपा बाहेर आला नाही, तेव्हा संध्याकाळी मुलगा कामावरून आल्या आल्या त्यांनी त्याला तिकडे पिटाळलं. म्हातारा तापाने अंथरुणाला खिळलेला होता. अझोरेस बेटांवरून तरुणपणी आलेला पोर्तुगीज गवंडी, बायको गेलेली, मुलगी एडमंटनला. शेजारी दहाबारा वर्षं राहिलेल्या मुलाला त्याचं नाव त्या दिवशी कळलं. त्यानंतर आजी सांगलीला परतेपर्यंत त्या दोघांचं रोज फाटकापाशी बोलणं व्हायचं, तो पोर्तुगीज मिसळलेल्या इंग्रजीत आणि या सरळ मराठीत. आजींना कोणी सांगितलं नव्हतं की परदेशात असं वागायचं असतं. त्या सांगलीत ज्या नजरेने गल्ली बघत, त्याच नजरेने त्यांनी इथला रस्ता बघितला, एवढंच.

सहलीला येणाऱ्यांची टिंगल करायची आपल्यात पद्धत आहे. ती मला मान्य नाही. आयुष्यभर नोकरी करून, मुलांची शिक्षणं-लग्नं उरकून, फंडाच्या पैशातून एखादं जोडपं नायगरा बघायला येतं, कॅनडाच्या बाजूच्या बोटीवर लाल रेनकोट घालून धबधब्याच्या तुषारांत चिंब होतं, यात हसण्यासारखं काही नाही. बसमध्ये पोहे-उपमा मिळतो म्हणून त्यांना देश दिसत नाही, हेही खरं नाही. या पुस्तकात पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेल्या एका अभियंत्याचा लेख आहे. रॉकी पर्वतातल्या कोलंबिया आइसफील्डला त्यांची बस थांबली. तिथे अथाबास्का हिमनदीकडे जाणाऱ्या वाटेवर ठिकठिकाणी सालांच्या पाट्या रोवलेल्या आहेत. त्या त्या साली बर्फाची कड तिथवर होती. बाकीची मंडळी फोटो काढत असताना हे गृहस्थ आपल्या जन्मसालाच्या आसपासची पाटी शोधून तिथे उभे राहिले आणि आत्ताचं बर्फ किती लांब गेलंय ते पावलांनी मोजू लागले. त्या बर्फाचं पाणी तीन वेगवेगळ्या महासागरांकडे जातं हे कळल्यावर त्यांनी गाइडला खोऱ्यांबद्दल, खालच्या शेतीबद्दल, धरणांबद्दल इतकं विचारलं की बस खोळंबली. आयुष्यभर ज्याने पाण्याचा विचार केला, त्याला परक्या मुलखातलं पाणीही परकं वाटलं नाही.

थोड्या मुक्कामात एखादा देश गंभीरपणे वाचता येतो, याचं आपल्याकडचं सगळ्यात मोठं उदाहरण पंडिता रमाबाईंचं आहे. त्या १८८६ साली अमेरिकेत गेल्या आणि १८८८ च्या अखेरीस निघाल्या. तीन वर्षंसुद्धा पुरी नाहीत. परतल्यावर १८८९ साली त्यांचं 'युनायटेड स्टेट्सची लोकस्थिती आणि प्रवासवृत्त' प्रसिद्ध झालं. त्यात निसर्गाचं वर्णन आहेच, पण राज्यकारभार कसा चालतो, शाळांना पैसा कुठून येतो, बायका संस्था कशा उभारतात याचा बारकाईने घेतलेला शोध आहे; आणि मूळ रहिवाशांवर व काळ्या माणसांवर गोऱ्यांनी केलेल्या अन्यायाची स्पष्ट नोंदही आहे. यजमानांचं कौतुक त्यांनी हातचं न राखता केलं आणि त्यांचे दोषही झाकले नाहीत. तिथे गोळा केलेल्या मदतीच्या बळावर त्याच वर्षी मुंबईत शारदा सदन सुरू झालं. रमाबाई ज्यांच्या पदवीदान समारंभाला हजर होत्या, त्या आनंदीबाई जोशींनी फिलाडेल्फियाच्या थंडीत साडी सोडली नाही आणि शाकाहारही सोडला नाही. तरी ज्या कार्पेंटर कुटुंबाने त्यांना घरात घेतलं, त्यांच्याच कुटुंबाच्या दफनभूमीत, पोकिप्सीला, त्यांच्या अस्थी आहेत. परक्या संस्कृतीत मिसळणं हे पेहरावावरून आणि ताटावरून ठरवणाऱ्यांनी आनंदीबाईंकडे जरा थांबून बघावं. इथल्या पार्ट्यांमध्ये अजून माणसं एकमेकांना तेवढ्यावरूनच तोलतात.

आता वस्तीला आलेल्यांबद्दल, कारण पुस्तकाचा मोठा भाग त्यांचा आहे. १९५१ साली भारतातून वर्षाकाठी फक्त १५० माणसं घ्यायची असं कॅनडाचं धोरण होतं. १९५७ मध्ये तो आकडा ३०० झाला. १९६२ साली वंशावर बेतलेली निवड नियमांतून काढली गेली आणि १९६७ साली गुणांची पद्धत आली. शंभरपैकी पन्नास गुण मिळवा आणि या. शिक्षण, वय, भाषा, कौशल्य या सगळ्याला गुण. त्या दारातून मराठी इंजिनिअर, डॉक्टर, शिक्षक आले. जुनी मंडळी अजून 'आमचं लँडिंग अमक्या साली' असं म्हणतात आणि त्या सालावरून एकमेकांची ज्येष्ठता ठरवतात. टोरांटोत मराठी भाषिक मंडळ उभं राहिलं, पुढे तिथूनच 'एकता' हे त्रैमासिक निघू लागलं. ८ ऑक्टोबर १९७१ रोजी पंतप्रधान पिएर ट्रुडो यांनी संसदेत बहुसांस्कृतिकतेचं धोरण जाहीर केलं. १९८८ साली त्याचा कायदा झाला. १९७७ पासून ऑन्टारियोत मुलांना त्यांची मायबोली शिकवण्यासाठी शाळांचे वर्ग आणि सरकारी पैसा मिळू लागला.

मी या धोरणाची कट्टर समर्थक आहे. आपली भाषा, आपला देव, आपलं नाव जसंच्या तसं ठेवून नागरिक होता येतं, ही जगात सहज मिळणारी गोष्ट नाही. पण या उदारपणात एक सोय दडलेली आहे, आणि तिच्याबद्दल आपल्यात कोणी उघड बोलत नाही. कॅनडा तुमच्याकडे जवळजवळ काहीच मागत नाही. कर भरा, सिग्नल पाळा, हिवाळी टायर लावा. बाकी तुमचं तुम्ही. आठवडाभर ऑफिसात सभ्य इंग्रजी बोलायचं, शुक्रवारी संध्याकाळी गाडी देशी दुकानाकडे वळवायची, शनिवारी मराठी पॉटलक, रविवारी मराठी मालिकांचे राहिलेले भाग. सार्वजनिक गणपती, दिवाळी, पाडवा, भारतातून आलेलं नाटक. या चक्रात तीस वर्षं आरामात निघून जातात. शेजारच्या गोऱ्या किंवा चिनी घरात पाय न ठेवता, गावच्या नगरपालिकेत काय चाललंय ते न कळता, ज्या खाद्यपेढीत (फूड बँकेत) आपल्याच मुलांचे वर्गमित्र रांगेत उभे असतात तिचा पत्ता माहीत नसताना. कोणी जाब विचारत नाही. म्हणूनच इथे प्रश्न तुमच्या वृत्तीचा होतो. मागणारा देश तुम्हाला बदलायला लावतो. न मागणाऱ्या देशात स्वतःहून पुढे व्हावं लागतं.

फ्रेंचभाषक क्वेबेक प्रांतातून आलेले लेख या बाबतीत वेगळे आहेत, आणि मला ते फार मोलाचे वाटले. क्वेबेक मागतो. १९७७ च्या भाषा कायद्याने, ज्याला सगळे बिल १०१ म्हणतात, स्थलांतरितांच्या मुलांना फ्रेंच शाळेत जाणं बंधनकारक झालं. २०२२ च्या बिल ९६ नंतर नवागतांशी सरकारी पत्रव्यवहार सहा महिन्यांनी फ्रेंचमधूनच, काही अपवाद सोडले तर. मॉन्ट्रियलला राहणाऱ्या एका बाईंनी लिहिलंय की लातूरमध्ये इंग्रजी माध्यमासाठी आईवडिलांनी पोटाला चिमटा घेतला, ते इंग्रजी घेऊन त्या इथे आल्या, आणि चाळिशीत पुन्हा पाटीवर धडे गिरवावे लागले. राग आला, अपमान वाटला. पण फ्रेंचच्या त्या सरकारी वर्गात हैतीची नर्स, सीरियाचा औषधविक्रेता, ब्राझीलची नर्तकी शेजारी बसली, आणि वर्षभरात त्यांचा जो गोतावळा झाला तसा टोरांटोतल्या त्यांच्या बहिणीचा इतक्या वर्षांत झालेला नाही. सक्तीचं समर्थन त्या करत नाहीत, मीही करणार नाही. शिक्षकांना आणि इतर काही सरकारी नोकरांना पगडी, हिजाब, क्रूस घालायला बंदी करणारा २०१९ चा बिल २१ हा कायदा मला अन्यायाचा वाटतो. पण आपल्याच भाषेसाठी इतका जीव टाकणाऱ्या समाजाबद्दल मराठी माणसाला थोडी तरी आतून समज असायला हवी. अल्पसंख्य होण्याची भीती आपल्याला काही नवी नाही.

अलिप्त राहणाऱ्या प्रत्येकाला दोष देऊन मात्र चालणार नाही. परका माणूस कसा वागतो हे त्याच्याशी लोक कसे वागले यावरही ठरतं. २३ मे १९१४ रोजी 'कोमागाता मारू' व्हँकुव्हरच्या बंदरात आली तेव्हा तिच्यावर ३७६ प्रवासी होते, बहुतेक पंजाबी. मायदेशाहून थेट, अखंड प्रवास करून आलेल्यालाच उतरू देणारा नियम १९०८ सालापासून होता, आणि भारतातून असं थेट जहाज मिळणं अशक्य होतं. दोन महिने बंदरात अडकवून जहाज परत पाठवलं गेलं. ब्रिटिश कोलंबियातल्या भारतीयांना मताचा हक्क १९४७ साली मिळाला. जहाजाच्या प्रकरणाची संसदेत माफी मागितली गेली ती २०१६ साली. या स्थलांतरितांनीच ब्रिटिश राजवटीविरुद्ध उभारलेल्या गदर चळवळीशी आपलंही नातं आहे. तळेगाव ढमढेरेचे विष्णु गणेश पिंगळे अमेरिकेत इंजिनिअरिंग शिकायला गेले, गदरमध्ये सामील झाले आणि नोव्हेंबर १९१५ मध्ये लाहोरला फासावर गेले. साठ-सत्तरच्या दशकात आपण गुणवत्तेच्या जोरावर आलो हे खरं. पण ते दार लाकडाच्या गिरण्यांत राबलेल्या पंजाबी माणसांनी पन्नास वर्षं धडका देऊन किलकिलं केलं होतं. 'त्यांच्यात आणि आपल्यात फरक आहे' असं इथल्या मराठी बैठकीत जेव्हा कोणी हलक्या आवाजात म्हणतं, तेव्हा मला मनापासून वाईट वाटतं.

पुढच्या पिढ्यांच्या वाट्याला वेगळ्या भिंती आल्या. वीस वर्षांचा अनुभव असलेल्या माणसाला 'कॅनेडियन एक्स्पीरियन्स' नाही म्हणून मुलाखतीतूनच परत पाठवायचं, हे इतकं सर्रास होतं की २०१३ साली ऑन्टारियोच्या मानवी हक्क आयोगाला, अशी सरसकट अट घालणं हा प्रथमदर्शनी भेदभावच आहे, असं धोरण जाहीर करावं लागलं. पोट भरायला गोदामात खोकी उचलायची, त्याला इथे 'सर्व्हायव्हल जॉब' म्हणतात. तो करून रात्री घरी आलेल्या माणसाला शेजाऱ्याची विचारपूस का करत नाहीस असं कोणत्या तोंडाने विचारायचं? आणि विद्यार्थ्यांचं तर त्याहून कठीण. २०२४ च्या जानेवारीत सरकारने विद्यार्थी परवान्यांवर मर्यादा घातली, एकाएकी वारं फिरलं. जळगाव, नांदेडकडून शेतावर कर्ज काढून आलेली पोरं ब्रॅम्प्टनच्या बेसमेंटमध्ये एका खोलीत चौघं राहतात. त्यांच्या तोंडी कॅनडातल्या जागांची नावं कमी आणि पीआरच्या निवडीसाठीच्या सीआरएस गुणांचे आकडे जास्त. १,२०० पैकी आपले किती, पुढच्या ड्रॉला कट-ऑफ किती. देश बघायला उसंतच दिलेली नाही त्यांना. एका मुलाने लिहिलंय की दोन वर्षांत त्याने लेक ऑन्टारियो बघितला नव्हता, आणि तो तळ्यापासून बसने अर्ध्या तासावर राहत होता. या मुलांचे लेख पुस्तकात सगळ्यात आखूड आहेत. संपादकांनी ते वाढवून घ्यायचा आग्रह धरला नाही, हे योग्य केलं.

पण या सगळ्या चर्चेत एक मोठा प्रश्न बाजूला राहतो. कॅनडात परका कोण? आपण मिसिसागात गणपती बसवतो. ते नाव इथल्या मूळ रहिवाशांपैकी अनिशिनाबे वंशाच्या मिसिसागा लोकांचं आहे. क्रेडिट नदीकाठी त्यांचं गाव होतं. वसाहतीच्या रेट्यापुढे १८४७ साली ते तिथून हलले आणि हॅगर्सव्हिलजवळ जाऊन राहिले. आज शरद ऋतूत त्या नदीत सॅमन मासे उलट्या प्रवाहाने चढतात ते बघायला आपली कुटुंबं मुलांना घेऊन काठावर गर्दी करतात. मुलं माशांची माहिती धडाधड सांगतात. नदीकाठी कोण राहत होतं, हे विचारलं तर आईबाप एकमेकांकडे बघतात.

टोरांटोपासून शंभरेक किलोमीटरवर ब्रॅन्टफर्ड नावाचं शहर आहे. तिथे मोहॉक इन्स्टिट्यूट ही निवासी शाळा १८३१ पासून १९७० पर्यंत चालली. मूळ रहिवाशांची मुलं घरातून उचलून तिथे ठेवायची, त्यांची भाषा तोंडातून आली तर शिक्षा करायची. रोजच्या पातळ लापशीवरून मुलांनी तिला 'मश होल' नाव ठेवलं होतं. देशभरातल्या अशा शाळांतून सुमारे दीड लाख मुलं गेली. ब्रॅन्टफर्डची इमारत पाडू नये, पुरावा म्हणून ठेवावी असं तिथल्या समाजाने ठरवलं, आणि ती आज उभी आहे. मी तिथे गेले तेव्हा मागच्या भिंतीच्या विटांवर मुलांनी कोरलेली नावं बोटांनी चाचपता येत होती. ही शाळा बंद झाली त्याच सुमाराला टोरांटोत आपलं भाषिक मंडळ आकाराला येत होतं. सात वर्षांनी त्याच प्रांताचं सरकार परदेशातून आलेल्यांच्या भाषा जगाव्यात म्हणून पैसे देऊ लागलं. आपल्याला मायबोलीचं जे सुख मिळालं, ते या मातीतल्या मुलांकडून आधी हिसकावून घेतलं गेलं होतं. यात आपला गुन्हा नाही. पण हे माहीत नसणं, किंवा माहीत असून 'तो गोऱ्यांचा आणि त्यांचा प्रश्न' म्हणून बाजूला सारणं, हे मात्र आपलं आहे. २०२१ पासून नागरिकत्वाच्या शपथेत मूळ रहिवाशांचे हक्क आणि त्यांच्याशी झालेले करार मान्य करण्याचं वचन घातलं आहे. हात वर करून ते शब्द उच्चारले, की इथल्या वारशाबरोबर इथली देणीही अंगावर येतात. परक्या मुलखात येऊन तिथल्या माणसांना न बघता राहायचं, ही वृत्ती टोकाला गेली की काय होतं, ते ब्रॅन्टफर्डच्या त्या इमारतीत दिसतं. इथे आलेले पहिले परदेशी तसेच राहिले.

याच्या उलट वागलेले परदेशीही आपल्याला ठाऊक आहेत, आणि ते आपल्याच घरातले आहेत. एलिझाबेथ लंडी नावाची अमेरिकन क्वेकर मुलगी विष्णु निंबकरांशी लग्न करून १९३० साली भारतात आली, कमला निंबकर झाली, आणि या देशात ऑक्युपेशनल थेरपीचं शिक्षण तिने सुरू केलं. मॅक्सिन बर्नसन भाषाशास्त्राच्या अभ्यासासाठी फलटणला आल्या त्या तिथल्याच झाल्या. १९७८ साली त्यांनी भारताचं नागरिकत्व घेतलं, १९८४ साली प्रगत शिक्षण संस्था काढली आणि दलित वस्तीतल्या मुलांना वाचायला शिकवण्यात आयुष्य घातलं. मिनिआपोलिसच्या गेल ऑम्वेट सांगली जिल्ह्यातल्या कासेगावच्या झाल्या, पाणी आणि जमिनीच्या लढ्यांत उभ्या राहिल्या, २०२१ साली तिथेच त्यांनी देह ठेवला. या बायकांबद्दल आपण किती अभिमानाने बोलतो! त्यांनी आपल्या माणसांत राहून, आपल्या समाजाच्या दुखऱ्या जागी हात घातला, जातीबद्दल आपल्याला अवघड प्रश्न विचारले, आणि आपण ते ऐकून घेतले, निदान काही जणांनी. तोच मापदंड उलटा लावून बघावा. विनिपेगच्या, साडबरीच्या, सरीच्या लोकांना सांगता येईल का, की आमच्यात राहायला आलेल्या अमक्या मराठी माणसाने आमचं हे केलं?

असं सांगता येण्यासारखी माणसं आहेत. धुळ्याचे डॉ. जगन्नाथ वाणी कॅलगरी विद्यापीठात संख्याशास्त्राचे प्राध्यापक होते. स्किझोफ्रेनियाबद्दल लोकांत जाणीव व्हावी म्हणून त्यांनी पुण्यात संस्था उभी केली. सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांचा 'देवराई' हा याच आजारावरचा २००४ चा चित्रपट त्यांच्या पाठबळाने झाला. कॅलगरीतही त्यांचं सार्वजनिक काम होतं, आणि कॅनडाने त्यांना 'ऑर्डर ऑफ कॅनडा' देऊन गौरवलं. दोन्ही डगरींवर हात ठेवणं हे आपण दोष म्हणून सांगतो. वाणींनी दोन्हीकडचं देणं फेडलं. टोरांटो विद्यापीठाचे नरेंद्र वागळे यांनी १९८४ साली महाराष्ट्राच्या संस्कृतीवर आंतरराष्ट्रीय परिषद भरवली, आणि अशा परिषदांची मालिका पुढे अनेक देशांत चालू राहिली. किंग्स्टनच्या क्वीन्स विद्यापीठात बसून जयंत लेले यांनी महाराष्ट्राच्या राजकारणावर मूलभूत ग्रंथ लिहिला.

आणि रोहिंटन मिस्त्री. १९७५ साली मुंबईहून टोरांटोला आले, बँकेत नोकरी केली, आणि लिहायला लागले ते मुंबईबद्दल. त्यांच्या तिन्ही कादंबऱ्यांच्या मुळाशी भारतच आहे. एवढी वर्षं इथे काढून कॅनडावर कादंबरी का लिहिली नाही, असं त्यांच्याबद्दल विचारलं जातं. मला हा प्रश्न चुकीचा वाटतो. आठवण जपणं म्हणजे अलिप्त राहणं नव्हे. मुंबईच्या चाळींत आणि बागांत गुंतलेली त्यांची माणसं कॅनडाच्या वाचकाने आपली मानली, शाळा-कॉलेजांत अभ्यासली. परक्याने शेजाऱ्याला दिलेली ही भेट काही लहान नाही. इथे जन्मभर राहून मनाने गिरगावात किंवा कोल्हापुरात असलेल्या मराठी माणसाला मी म्हणूनच कधी नावं ठेवत नाही. तो ते गिरगाव शेजाऱ्याला दाखवतो की दार लावून एकट्यानेच बघत बसतो, एवढंच मी बघते.

शेवटचा विभाग इथे जन्मलेल्या मुलांचा आहे. त्यांच्या खिशात कॅनडाचा पासपोर्ट आणि भारताचं ओसीआय कार्ड. महाराष्ट्रात ती पाहुणी म्हणून जातात, आणि तिथे परकेपणाची ही सगळी गणितं उलटी मांडली जातात. यातला एका एकोणीस वर्षांच्या मुलीचा लेख वाचताना मी दोनदा थांबले. ती उन्हाळ्यात पुण्याला आत्याकडे राहायला गेली होती. कामाला येणाऱ्या मावशींचा कप ओट्याखाली वेगळा ठेवलेला तिने पाहिला आणि जेवताना सगळ्यांसमोर विचारलं, हा वेगळा का? आधी कोणी बोललं नाही, मग सगळे एकदम बोलले. तू चार दिवसांची पाहुणी, तुला काय कळतंय. मावशींनाच तसं आवडतं. तुमच्याकडे काय कमी भेदभाव आहे का? शेवटच्या प्रश्नाला तिने मोहॉक इन्स्टिट्यूटबद्दल शाळेत शिकलेलं सगळं सांगितलं, न लपवता. दुसऱ्या दिवशी तिने मावशींना त्यांचं पूर्ण नाव, गाव आणि मुलं किती ते विचारलं. मावशी मावळातल्या एका धरणग्रस्त गावच्या निघाल्या. घरात हे कोणालाच माहीत नव्हतं. लेखाचा पुढचा सगळा भाग त्या गावाबद्दल आहे. ती मावशींबरोबर एसटीने तिथे जाऊन आली, पाण्याखाली गेलेल्या जमिनीची कागदपत्रं तिने बघितली, आणि टोरांटोला परतल्यावर विद्यापीठात धरणग्रस्तांच्या पुनर्वसनावर निबंध लिहायला घेतला. मराठी तिचं अडखळतं आहे, शुद्धलेखन तर विचारूच नका. संपादकांनी फारसा हात लावलेला नाही. हा लेख पुस्तकाच्या अगदी शेवटी छापला आहे, पण वाचकांनी आधी तोच काढून वाचावा असं मी सुचवेन, आणि मग पहिल्या पानावर यावं.